सहावीतच 'सायन्स नको' म्हणतेय. तुमचं कधी ठरलं होतं?

सुरंगी
दोन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून गुहागर तालुक्यात सासरच्या घरी राहायला आलो. लेक सहावीत आहे. परवा जेवताना तिने जाहीर केलं, "मी दहावीनंतर आर्ट्स घेणार. सायन्स म्हणजे नुसत्या व्याख्या." आर्ट्सला माझा विरोध नाही. पण हीच मुलगी विहिरीच्या काठावर तासभर बसून पाणकिडे पाण्यावर चालतात कसे ते बघते. गेल्या मे महिन्यात तिने आजोबांना विचारलं होतं, साका, म्हणजे आतला गर पांढरट-आंबट राहणं, हापूसलाच का होतो, रायवळ आंब्याला का नाही? आजोबा म्हणाले, "हापूस नाजूक घराण्यातला."

मग तिची विज्ञानाची वही काढून बघितली. प्रयोग, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं सुवाच्य. निरीक्षणात लिहिलंय, 'निळा लिटमस लाल झाला.' मी विचारलं, कधी केलात हा प्रयोग? ती म्हणाली, "केला नाही, फळ्यावरून उतरवला. आई, लिटमस म्हणजे कापड असतं का गं?"

तुमच्यापैकी जे विज्ञानाकडे गेले त्यांचं कशामुळे ठरलं? आणि जे वळता वळता राहिले त्यांचं कुठे बिनसलं? शक्यतो आपल्या किनारपट्टीवरचे अनुभव लिहा. पुण्याच्या शाळांचं कौतुक ऐकून झालंय.

खाडीपलीकडे
वाचतोय. "हापूस नाजूक घराण्यातला" 😂

वरच्या_आळीतला
माझं सातवीत ठरलं. आमच्या शाळेतही लिटमस नव्हता. बाईंनी एक दिवस घरून कोकमाचं आगळ, लिंबू, खायचा सोडा आणि पाच-सहा वाट्या आणल्या. आगळात चिमूटभर सोडा टाकला तर फसफसून फेस आला आणि लालभडक रंग मळकट जांभळा झाला. वर लिंबू पिळलं, लाल परत! वर्गात असा गोंगाट झाला की शेजारचे गुरुजी छडी घेऊन आले आणि तेही बघत उभे राहिले. मग जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून पट्ट्या केल्या. साबणाच्या पाण्यात हिरवट, लिंबात गुलाबी. घरी जाऊन मी आईच्या हळदीच्या डब्याची वाट लावली, त्याबद्दल मारही खाल्ला.

आज लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर पीएच बघतो. बाईंच्या वाट्यांपेक्षा मीटर महाग आहे, मजा कमी आहे.

सुरंगीताई, आगळ तुमच्या घरात असणारच. लिटमसची वाट कशाला बघता?

नाखवा_आसंय
माजी गोष्ट उलटी आसा. मी वेंगुर्ल्याकडचो, बापूस रापणीक, म्हंजे जाळा ओढून मासे धरूक जायचो. पाचवीत गुरुजीनी इचारल्यानी, भरती कित्याक येता? पुस्तकात होता तसा मी सांगलंय, चंद्राच्या ओढीन. शाबासकी गावली. घराक जावन बापाशीक सांगलंय, तर तो म्हणालो, "बरा. मगे आज चतुर्थी, पाणी कवा चढतला ता सांग." माका येयना! तेना सांगलो, तिथीची पाऊणपट कर. चार तिथी, तीन वाजता भरती. अष्टमीक सा वाजता. बापूस दुसरी नापास.

दुसऱ्या दिवशी ह्या मी वर्गात सांगलंय. गुरुजी म्हणाले, "ह्या पुस्तकात नाय, परीक्षेत लिहू नको." ताच माजा सायन्स संपला. आता रिक्षा चालवतंय. म्हणान काय वाईट चल्ला नाय, पण ता वाक्य अजून आठवता.

आणि बापूस स्वता मात्र हिशोबापेक्षा अर्धो तास आधीच किनाऱ्यार जायचो. मी म्हणायचंय, बाबा घाई कित्याक?

सडेकर
वा नाखवा! ही पाऊणपट आमच्या आजोबांकडेही होती. त्यामागचं गणित असं: चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पंधरा तिथींत मिळून बारा तास, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. काटेकोर बोलायचं तर पाऊण नव्हे, चार पंचमांश. पण वल्हं हातात असताना चार पंचमांश कोण करणार? अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, हेही आपल्याकडे अंगणवाडीच्या वयात ऐकून माहीत असतं. पुस्तकात तेच दहा ओळींत आणि दुसऱ्या नावांनी येतं, मग पोराला वाटतं की हे काहीतरी वेगळंच आहे.

मी भूगोलाचा प्राध्यापक झालो तो सड्यामुळे, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारामुळे. पावसाळ्यात शाळेत जाताना कातळावर सीतेची आसवं फुललेली असायची, जांभळी चादरच. त्यातच जरा ओलीला लाल केसाळ दवबिंदू, टोकाटोकावर चिकट थेंब. गुरुजींनी सांगितलं, ही दोन्ही झाडं किडे खातात. आम्ही खो खो हसलो. मग त्यांनी आम्हाला गुडघ्यांवर बसवलं आणि दवबिंदूच्या पानावर अडकलेलं चिलट दाखवलं, अजून पाय हलवत होतं. विचारलं, "ह्याला किडा का लागतो, बाजूच्या गवताला का नाही?" उत्तर दिलंच नाही त्या माणसाने! चार दिवसांनी कुणीतरी म्हणालं, कातळावर माती नाही म्हणून असेल. जांभ्या कातळावरच्या वीतभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच, ते झाड किड्यातून मिळवतं. आमच्या भाषेत आम्ही तेच म्हणालो होतो.

कडक_मास्तर
निवृत्त प्राथमिक शिक्षक. बराच वेळ गप्प राहून वाचत होतो.

नाखवांच्या गुरुजींचं चुकलं, मान्य. पण मंडळी, आमच्या बाजूचंही ऐका. माझी शेवटची शाळा द्विशिक्षकी, पट सतरा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. एका वर्गाला पाढे लिहायला द्यायचे, दुसऱ्याला शुद्धलेखन, आणि उरलेल्यांना परिसर अभ्यास. मधेच खिचडीच्या तांदळाची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादी. दुसरे गुरुजी मीटिंगला गेले की दोन्ही खोल्या माझ्या.

कपाटाला कुलूप का असतं, ते सांगतो. विज्ञान साहित्य डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीला लागलेलं असतं. परीक्षानळी फुटली की बदलीच्या वेळी चार्ज देताना तिचा जाब. एका शाळेत मला मागच्या गुरुजींनी चार्जमध्ये 'भिंगे १२' लिहून दिली, मोजली तर नऊ. ती तीन भिंगं मी चिपळुणात पदरच्या पैशांनी विकत घेतली, तेव्हा सही झाली. त्यानंतर सांगा कोण पोरांच्या हातात भिंग देईल?

(दिली. तीच तीन. ती रजिस्टरला नव्हती असं मी मनाशी धरलं.)

खाडीपलीकडे
मास्तर, कंसातलं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

आकडेमोड
लहानपणच्या अनुभवाने करिअर ठरतं का, यावर अभ्यास झालेले आहेत, जरी अमेरिकेतले. २०१० साली ११६ शास्त्रज्ञ आणि पीएचडी करणाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध झाल्या. ६५ टक्के म्हणाले की आवड मिडल स्कूलच्या आधीच लागली, म्हणजे आपल्याकडची साधारण पाचवी धरा. त्याआधी २००६ चा एक अभ्यास आहे. आठवीत ज्यांनी 'तिशीत मी विज्ञानातलं काम करत असेन' असं लिहिलं होतं, त्यांनी पुढे जीवशास्त्राकडची पदवी घेण्याची शक्यता इतरांच्या १.९ पट आणि भौतिक शास्त्रं-इंजिनिअरिंगची ३.४ पट निघाली. गंमत म्हणजे, गणितात बेताची पण विज्ञानाची इच्छा असलेली मुलं, गणितात हुशार पण इच्छा नसलेल्यांपेक्षा भौतिक शास्त्रं-इंजिनिअरिंगच्या पदवीपर्यंत जास्त पोचली: ३४ टक्के विरुद्ध १९ टक्के.

म्हणजे सुरंगीताई, सहावी हे वय अगदी धोक्याचं. 😬

आगाऊ_कार्टं
जे शास्त्रज्ञ झाले त्यांनाच विचारलं तर ते लहानपणापासून आवड होती असंच सांगणार ना! लहानपणी आवड असून पुढे रिक्षा चालवणारे नाखवा त्या ११६ मध्ये नव्हते.

आकडेमोड
@आगाऊ, मुद्दा बरोबर, पहिल्या अभ्यासाला तो लागू आहे. दुसऱ्याला नाही. त्यात मुलांना आधी विचारलं आणि मग वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. आणि तुमच्याच बाजूचा पुरावा देतो. इंग्लंडात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना विज्ञान आवडत होतं, पण शास्त्रज्ञ व्हायचंय म्हणणारी साधारण १५ टक्केच. 'मला आवडतं' आणि 'हे माझ्यासारख्यांसाठी आहे' यांच्यामध्ये बरंच पाणी आहे.

अबोली_७
त्या पाण्यात बुडालेली मी.

आठवीपासून प्रयोगशाळा होती आमच्याकडे. चार मुलांच्या गटात दोन मुली. मुलगे बर्नर पेटवायचे, मुली निरीक्षण लिहायच्या, कारण 'अक्षर छान'. प्रयोग संपला की बीकर धुवायचं कामही अर्थात छान अक्षरवाल्यांचं. एकदा मी हट्टाने नळी हातात घेतली तर सर म्हणाले, "ओढणी सांभाळ, पेटशील." पूर्ण वर्ग हसला. कुठली शाळा ते विचारू नका.

मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगायची एक जुनी चाचणी आहे. १९८३ ला तिचे निकाल छापून आले: ४,८०७ मुलांमध्ये फक्त २८ चित्रं बाईची होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते बीकर आले.

तरी माझी आवड मेली नव्हती बरं का. दहावीला विज्ञानात ९१ होते. पण अकरावी सायन्स सर्वात जवळचं म्हणजे ३२ किलोमीटर. प्रॅक्टिकल संपायचं पाचला, आणि आमच्या गावची शेवटची एसटी पाच दहाला, स्टँड कॉलेजपासून वीस मिनिटं चालत. दोन वर्षांनी मोठ्या भावाला मुंबईला मामाकडे ठेवलं होतं, मला कोण ठेवणार? गावातल्याच कॉलेजला आर्ट्स केलं, मग डीएड. गोडी लावायच्या गप्पा चालू आहेत म्हणून म्हणते, गोडीला एसटीही लागते.

वरच्या_आळीतला
अबोलीताई, काय बोलावं सुचत नाही. आमच्या बॅचच्या तीन मुलींचं अगदी हेच झालं. आम्हाला तेव्हा ते दिसलंसुद्धा नाही.

भाट्याचा_वारा
दरवर्षी दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला. मग कोकणातले शास्त्रज्ञ कुठे जातात?

आगाऊ_कार्टं
गणपतीला येतात, अकरा दिवसांनी परत जातात.

सडेकर
😄 पण परंपरा आहे हो. रँग्लर परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, १८९९ ला केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले. शेजारच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे तर परीक्षेसाठी घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले. आणि तिथे गेल्यावर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! अबोलीताईंची एसटी तेव्हापासून चुकतेय.

किल्लेदार
माझ्या भौतिकशास्त्राचं मूळ एका थापेत आहे.

आमची सहावीची सहल विजयदुर्गला गेली होती. सरांनी किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवले आणि छाती फुगवून सांगितलं, "१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबाने इथे दुर्बीण मांडून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. मुलांनो, हेलियम आपल्या देवगड तालुक्यातला!" मला रात्रभर झोप नाही. सूर्यातला वायू आमच्या किल्ल्यावरून सापडतो, मग आमच्या अंगणातून काय काय दिसेल! तिथून जो निघालो तो एमएस्सीला जाऊन थांबलो.

एमएस्सीला मूळ हकिगत वाचली. त्या दिवशी ग्रहण होतं हे खरं, पण ते बघायला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने ग्रहणाशिवायच, ऑक्टोबरात, घरच्या दुर्बिणीतून सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ पकडली. पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ ला, रॅम्झे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला. विजयदुर्गावर लॉकियर आलाच नव्हता.

सरांवर राग नाही आला. पण आता मी स्वतः शिकवतो आणि दरवर्षी सहलीला तिथे पोरं घेऊन जातो, तेव्हा काय सांगायचं हा प्रश्न पडतोच.

आगाऊ_कार्टं
थाप सांगा. पोरं एमएस्सी होतील.

कडक_मास्तर
खरं सांगा. ग्रहण होतं, रेघ होती, माणूस मात्र इथे नव्हता. मग मुलांना शोधू द्या की ओटे कुणी बांधले. त्यात जास्त मजा आहे.

भाट्याचा_वारा
पण मास्तर, दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा करतात, त्याचं काय? गावाला अभिमान आहे.

किल्लेदार
करू देत की. ग्रहणाची तारीख तर खरी आहे. गेल्या वर्षी मास्तर म्हणतात तसंच केलं, दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक मुलगी म्हणाली, "सर, मग तुम्ही खोट्यावर एमएस्सी झालात?" दुसरं काही बोलायला शिल्लक नव्हतं.

पाटीवर_पेन्सिल
विज्ञान प्रदर्शनांवर कुणीच बोललं नाही! माझ्या मुलाची कल्पना केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवडली गेली, दहा हजार रुपये आले. कल्पना त्याची, नारळ सोलायचं यंत्र. मग शाळेने सुचवलं, गावच्या वेल्डरकडून 'चांगलं' करून घ्या. वेल्डरने इतकं चांगलं केलं की जिल्ह्याला परीक्षकांनी विचारल्यावर पोराला एकही पार्ट सांगता येईना. वेल्डरला बक्षीस मिळायला हवं होतं. पोरगं आता कॉमर्सला.

वरच्या_आळीतला
आमच्या काळी ज्वालामुखी. दर वर्षी ज्वालामुखी. कोकणात.

सडेकर
अहो, तुमच्या पायाखालचा काळा खडक सगळा लाव्हाच आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जांभा त्याच्याच माथ्यावर झिजून तयार झालाय. थर्माकोलचा डोंगर करून लाल पाणी ओतायच्या ऐवजी शाळेमागच्या चिरेखाणीत नेलं तरी पुरे.

कृषीकन्या_दापोली
मूळ धाग्यात मुलीचा साक्याचा प्रश्न होता, तो सगळे विसरले. मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले म्हणून लिहिते.

आंबा झाडावर असतानाच आतली कोय रुजायची तयारी सुरू करते आणि भोवतीच्या गरातलं पाणी-अन्न ओढते. मग गर पांढरट, पोकळ, आंबट राहतो, तोच साका. बाहेरून काही कळत नाही, कापल्यावर फजिती. जमिनीची झळही त्यात भर घालते, म्हणून झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर प्रमाण कमी होतं. हापूस ह्याला फार बळी पडतो, म्हणून आपल्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ ला 'रत्ना' काढला. त्याचा परत हापूसशी संकर करून १९९२ ला 'सिंधू', कोय अगदी पातळ.

आजोबांना सांगा, नाजूक घराणं बरोबर, पण भानगड कोयीची आहे. आणि मुलीला सांगा, तिने जो प्रश्न विचारला त्यावर लोकांच्या नोकऱ्या चालतात.

वाळूतला
मी वेळासच्या बाजूचा. बारावी सायन्स नापास. तरी दर हंगामात कासवांच्या घरट्यांवर काम करतो. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं यायला दीड-दोन महिने. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार असली तर नर. हे मला बारावीच्या पुस्तकाने नाही, घरट्यात थर्मामीटर खुपसून रोज वहीत आकडे लिहिताना कळलं. संशोधक येतात ते माझी वही मागतात.

ह्याला विज्ञानातलं करिअर म्हणायचं का? माझे बाबा नाही म्हणतात.

आकडेमोड
मी हो म्हणतो.

नाखवा_आसंय
वहीची झेरॉक्स काढून ठेव रे. संशोधक घेवन जातीत.

सुरंगी
सगळ्यांचे आभार. मधले चार दिवस लिहिलं नाही कारण आम्ही कामात होतो.

आगळाचा प्रयोग झाला, माझ्या तीन वाट्या डागाळल्या. साक्याचं उत्तर आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कलमांखाली पाला घालायला माझा बाप सांगायचा, तेव्हा विद्यापीठ नव्हतं."

मग नाखवांची पाऊणपट. शनिवारी सकाळची शाळा होती आणि पंचमी होती. हिशेबाने भरती पावणेचारला. दोघी अडीचपासून किनाऱ्यावर. तिने वाळूत काठ्या रोवल्या, प्रत्येक लाट कुठपर्यंत आली ते बघत एकेक काठी वर सरकवत होती. तीन दहानंतर पाणी वरच्या काठीला शिवेना. पावणेचारपर्यंत चांगलंच मागे गेलं. ती चिडली, "नाखवाकाकांचं चुकलं." मी म्हटलं, एका दिवसावरून कसं म्हणतेस? आज षष्ठी, हिशेबाने साडेचार. पाणी वळलं तीन पंचावन्नला. दोन्ही दिवस बरोबर पस्तीस मिनिटं आधी! आता तिचं म्हणणं, चूक असती तर कमीजास्त झाली असती, रोज तेवढीच कशी?

वहीत लिहिलंय तिने. निरीक्षणाची जागा भरली, अनुमानाची रिकामी आहे. बाईंना दाखवायला घाबरतेय, अनुमान नाही म्हणून.

सडेकर
तिला सांगा, भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. वेंगुर्ल्याला आधी, मुंबईला नंतर. पाऊणपटीचा हिशेब मुंबईला बराच जुळतो... नको, थांबा. हे तिला सांगू नका. तिला फक्त एवढंच विचारा, की मुंबईत राहणाऱ्या कुणाला आज भरती किती वाजता होती ते विचारता येईल का.

नाखवा_आसंय
आवशीचो! म्हणान बापूस अर्धो तास आधी जायचो!! वीस वर्सा झाली तेका जावन, आज कळला माका.

सुरंगी
डोंबिवलीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला गिरगाव चौपाटीवर पाठवतोय. त्याला अजून कल्पना नाही. उद्या सप्तमी, सव्वापाच. शाळा सुटल्यावर जाऊ.

कडक_मास्तर
अनुमानाची जागा रिकामीच ठेवून वही बाईंना दाखवा. मी असतो तर सही केली असती.